डायक्लोरोमिथेन अध्रुवीय नाही

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या विज्ञान पानावर ध्रुवीय (एक टोक थोडे धन आणि दुसरे थोडे ऋण असलेल्या) आणि अध्रुवीय रेणूंवरचा लेख वाचला. विषय चांगला निवडला होता आणि भाषाही सोपी होती. पण सोबतच्या आकृत्यांपैकी डायक्लोरोमिथेनची आकृती चुकली आहे आणि तिच्यावरून काढलेला निष्कर्ष त्याहून चुकीचा आहे. आकृतीत मधोमध कार्बन आहे, वर आणि खाली एकेक क्लोरिन, डावीकडे आणि उजवीकडे एकेक हायड्रोजन. अधिकच्या चिन्हासारखी मांडणी. बंधातले इलेक्ट्रॉन कुठे ओढले जातात ते दाखवणारे, क्लोरिनच्या दिशेने दोन बाण काढले आहेत, एक वर जाणारा आणि एक खाली जाणारा. त्याखाली ओळ आहे की दोन्ही बाण एकमेकांना रद्द करतात, म्हणून हा रेणू अध्रुवीय.

डायक्लोरोमिथेनचे द्विध्रुव आघूर्ण, म्हणजे रेणूच्या ध्रुवीयतेचे माप, वायुरूपात १.६० डिबाय (हे त्या मापाचे एकक) भरते. पाण्याच्या एका सुट्या रेणूचे १.८५ डिबाय आहे. लेखात ज्याला शून्य म्हटले तो आकडा पाण्याच्या इतक्या जवळ आहे! एवढ्या फरकाला छपाईची चूक म्हणून सोडून देता येत नाही. लेख अकरावी-बारावीच्या मुलांसाठी आहे असे वरच लिहिले होते, म्हणून हे पत्र सविस्तर लिहीत आहे.

मी सेंद्रिय रसायनाच्या प्रयोगशाळेत काम करते. मिश्रणातले पदार्थ कॉलममधून वेगळे काढणे हे माझे रोजचे काम. काचेच्या नळीत सिलिका भरायची, वर मिश्रण घालायचे आणि द्रावक सोडत राहायचे. सिलिकाचा पृष्ठभाग ध्रुवीय असतो. तिथे ध्रुवीय पदार्थ धरून बसतात आणि अध्रुवीय पदार्थ लवकर खाली उतरतात. आता द्रावक कोणता घ्यायचा? हेक्झेन घेतले तर कितीतरी पदार्थ जागचे हलत नाहीत. त्याच कॉलमवर डायक्लोरोमिथेन, आमच्या बोलण्यात डीसीएम, सोडले की तेच पदार्थ सरसर उतरू लागतात. हेक्झेनचा परावैद्युत स्थिरांक (द्रावक भारांमधले विद्युत आकर्षण किती कमकुवत करतो ते सांगणारा आकडा) २ च्या आसपास आहे, डीसीएमचा ९ च्या आसपास. जो विद्यार्थी ही दोन द्रावके ‘अध्रुवीय’ म्हणून एका रांगेत बसवेल, त्याचा कॉलम पहिल्याच दिवशी वाया जाईल.

लेखाचा पहिला भाग, म्हणजे बंधाच्या ध्रुवीयतेचा, बरोबर होता. दोन अणू इलेक्ट्रॉनांची जोडी वाटून घेतात, पण वाटणी नेहमी समान होत नाही. लायनस पॉलिंग यांनी १९३२ मध्ये विद्युतऋणतेची, म्हणजे बंधातले इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढण्याच्या अणूच्या ताकदीची, जी मोजपट्टी मांडली, तिच्यावर आज फ्लोरिन ३.९८, ऑक्सिजन ३.४४, क्लोरिन ३.१६, नायट्रोजन ३.०४, कार्बन २.५५ आणि हायड्रोजन २.२० वर आहे. कार्बन आणि क्लोरिनच्या बंधात इलेक्ट्रॉन क्लोरिनकडे झुकतात, तिथे थोडा ऋण भार येतो आणि कार्बनवर थोडा धन. हा भार पूर्ण इलेक्ट्रॉनाएवढा नसतो. हायड्रोजन क्लोराइडमध्ये इलेक्ट्रॉन पूर्णपणे क्लोरिनकडे गेला असता तर आघूर्ण सुमारे ६.१ डिबाय आले असते. प्रत्यक्षात ते १.१ च्या आसपास येते, म्हणजे सुमारे १८ टक्के. इथवर मुलांना समजते, कारण दोन अणूंच्या रेणूत बंध आणि रेणू एकच असतात.

अडचण तिसऱ्या अणूपासून सुरू होते. आता प्रश्न दोन होतात: बंध ध्रुवीय आहेत का, आणि सगळा रेणू मिळून ध्रुवीय आहे का. पहिल्याचे उत्तर विद्युतऋणतेच्या तक्त्यात सापडते. दुसऱ्याचे तिथे कितीही शोधले तरी सापडत नाही. बंधाच्या ध्रुवीयतेला जशी मात्रा आहे तशी दिशाही आहे, ती सदिश राशी आहे, आणि सदिशांची बेरीज करायची तर ते अवकाशात कोणत्या कोनात उभे आहेत हे आधी माहीत हवे. रेणूचा आकार ठरल्याशिवाय बेरीज करताच येत नाही. लेखात ही बेरीज कागदावर काढलेल्या चित्रात केली गेली. कागद सपाट आहे, रेणू सपाट नाही.

चार एकेरी बंध असलेला कार्बन चतुष्फलकाच्या, म्हणजे चार त्रिकोणी बाजूंच्या घनाकृतीच्या, मधोमध बसतो आणि त्याचे बंध चतुष्फलकाच्या चार टोकांकडे जातात. कोणत्याही दोन बंधांत साधारण १०९.५ अंशांचा कोन असतो. डीसीएममध्ये दोन क्लोरिनमधला कोन थोडा मोठा आहे, सुमारे ११२ अंश. तो कुठल्याही परिस्थितीत १८० नाही. म्हणून क्लोरिनकडचे दोन बाण एकाच बाजूला झुकलेले राहतात आणि त्यांची बेरीज दोन क्लोरिनच्या बरोबर मधून बाहेर पडते. हायड्रोजन विरुद्ध बाजूला आहेत. कार्बन-हायड्रोजन बंधाची ध्रुवीयता मुळात कमी, आणि तिथली जी काही आहे तिची दिशा हायड्रोजनकडून कार्बनकडे, म्हणजे त्याच बाजूला. रद्द होण्यासारखे इथे काही उरत नाही.

ही गोष्ट दीडशे वर्षे माहीत आहे आणि ती कळली कशी हे मुलांना सांगायलाच हवे. १८७४ मध्ये व्हान्ट हॉफ आणि ले बेल यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे चतुष्फलकी कार्बन मांडला. तेव्हा क्ष-किरणांनी रेणू बघण्याची सोय नव्हती. त्यांच्या तर्कातला एक धागा नेमका डीसीएमसारख्या रेणूंचाच होता. कार्बन सपाट चौकोनाच्या मध्यावर असता तर त्याला दोन एका प्रकारचे आणि दोन दुसऱ्या प्रकारचे अणू जोडून दोन वेगळे पदार्थ मिळायला हवे होते, एक ज्यात सारखे अणू शेजारी आहेत आणि एक ज्यात ते समोरासमोर आहेत. रसायनशाळांत मात्र दर वेळी एकच पदार्थ मिळे. चतुष्फलकात प्रत्येक टोक इतर तिन्ही टोकांचे शेजारी असते, समोरासमोर अशी जागाच नसते, त्यामुळे दुसरा पदार्थ निघूच शकत नाही. आपल्या आकृतीत दाखवलेला ‘समोरासमोर’ डीसीएम हा तोच न सापडलेला पदार्थ आहे.

वर्गात हे दाखवायला चार फुगे पुरतात. सारख्या आकाराचे दोन लाल आणि दोन पांढरे फुगे फुगवून त्यांची तोंडे एकत्र घट्ट बांधा. फुगे एकमेकांना ढकलून आपोआप चतुष्फलक करतात. आता कोणत्याही मुलाला सांगा की दोन लाल फुगे समोरासमोर आणून दाखव. येणार नाहीत. गाठ कशीही बांधली तरी येणार नाहीत. फळ्यावरच्या चित्राने पडलेला गैरसमज मोडायला एवढा एक प्रयोग मी नेहमी सुचवते.

सपाट अधिकचे चिन्ह खरे असणारे रेणूही आहेत, हेही सांगितले पाहिजे, नाहीतर मुले आता सगळीकडे चतुष्फलक बघू लागतील. झेनॉन टेट्राफ्लुओराइड खरोखर सपाट चौकोनी आहे आणि त्याचे आघूर्ण शून्य आहे. प्लॅटिनमभोवती दोन अमोनिया आणि दोन क्लोरिन असलेले संयुग तर दोन रूपांत मिळते, आणि त्याच आधारावर आल्फ्रेड वेर्नर यांनी १८९३ मध्ये ते सपाट असल्याचे म्हटले. दोन क्लोरिन शेजारी असलेले रूप म्हणजे कर्करोगावरच्या उपचारात वापरतात ते सिसप्लॅटिन. ते ध्रुवीय आहे. क्लोरिन समोरासमोर असलेल्या रूपात बंधांचे बाण एकमेकांना खोडतात. म्हणजे आपल्या लेखातला तर्क स्वतःत चुकीचा नव्हता. तो ज्या रेणूला लावला त्याचा आकार तसा नव्हता.

लेखातली पाणी आणि कार्बन डायऑक्साइडची तुलना मला आवडली, पण तिथे आकडे द्यायला हवे होते. कार्बन आणि ऑक्सिजनचा बंध चांगलाच ध्रुवीय आहे, विद्युतऋणतेत ०.८९ चा फरक आहे. तरीही कार्बन डायऑक्साइडचे एकूण आघूर्ण शून्य, कारण ऑक्सिजन, कार्बन आणि ऑक्सिजन एका सरळ रेषेत आहेत. पाण्यात ऑक्सिजनवर दोन बंधांबरोबर इलेक्ट्रॉनांच्या दोन एकाकी, म्हणजे कोणत्याही बंधात नसलेल्या, जोड्याही आहेत. त्या जागा घेतात, म्हणून हायड्रोजन १८० अंशांवर जात नाहीत, १०४.५ अंशांवर थांबतात. मुलांना इथे एक गणित जरूर करायला द्यावे. एकूण १.८५ डिबाय, कोनाचा अर्धा ५२.२५ अंश, त्याची कोज्या सुमारे ०.६१२. १.८५ ला ०.६१२ च्या दुपटीने भागले की प्रत्येक ऑक्सिजन-हायड्रोजन बंधाच्या वाट्याला सुमारे १.५१ डिबाय येतात. हे दीड डिबाय तसेच ठेवून कोन मनात उघडत न्या: १२० अंशांना एकूण १.५१, १५० ला साधारण ०.७८, १८० ला शून्य. बंध तेच, फक्त कोन बदलला. हे करून पाहिलेल्या मुलाला पुढे नियम पाठ करावा लागत नाही.

इतिहासात हा रस्ता उलट दिशेनेही वापरला गेला. पीटर डिबाय यांनी १९१२ मध्ये दाखवले की पदार्थाचा परावैद्युत स्थिरांक तापमानाबरोबर कसा बदलतो यावरून त्याच्या रेणूत कायमचे द्विध्रुव आहेत की नाही हे कळते. ध्रुवीय रेणू विद्युत क्षेत्रात रांगेत येऊ पाहतात आणि उष्णतेची हालचाल ती रांग मोडते. अध्रुवीय रेणूंत असा झगडाच नसतो. या कामासाठी, आणि वायूंतल्या क्ष-किरण व इलेक्ट्रॉन विवर्तनाच्या कामासाठी, त्यांना १९३६ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. आघूर्णाचे एककही त्यांच्याच नावाचे आहे. कार्बन डायऑक्साइडचे आघूर्ण शून्य भरले म्हणून तो सरळ ठरला. सल्फर डायऑक्साइडचे १.६३ भरले म्हणून तो वाकडा ठरला. दोघांचे सूत्र एकाच साच्याचे आहे! सल्फरवर एक एकाकी जोडी आहे, कार्बनवर नाही, आणि सगळा फरक तिथून सुरू होतो.

या एकाकी जोड्यांबद्दल लेखात एकच वाक्य होते. माझ्या मते विषयाचा गाभा तिथे आहे. अमोनिया आणि नायट्रोजन ट्रायफ्लुओराइड हे दोन रेणू शेजारी ठेवून बघा. दोन्ही बुटक्या पिरॅमिडसारखे, वर नायट्रोजन आणि खाली तीन अणू. नायट्रोजन-हायड्रोजन बंधात विद्युतऋणतेचा फरक ०.८४, नायट्रोजन-फ्लोरिन बंधात ०.९४. आकार जवळपास तोच, बंधांची ध्रुवीयता जवळपास तेवढीच. आणि आघूर्ण? अमोनियाचे १.४७, ट्रायफ्लुओराइडचे फक्त ०.२३. कारण असे की नायट्रोजनची एकाकी जोडी पिरॅमिडच्या शेंड्यावरून वर रोखलेली असते आणि तिचाही स्वतःचा बाण असतो, वर जाणारा. अमोनियात बंधांचे बाण हायड्रोजनकडून नायट्रोजनकडे, म्हणजे वरच जातात. सगळे एकत्र मिळतात. ट्रायफ्लुओराइडमध्ये फ्लोरिन जास्त ओढतो, तिथे बंधांचे बाण खाली जातात आणि जोडीचा बाण वर. जवळजवळ बरोबरी होते. फक्त बंधांचे बाण काढून जोडी विसरणाऱ्याला हा आकडा कधीच सुटणार नाही.

बोरॉन ट्रायफ्लुओराइड याच्या शेजारी ठेवण्याजोगा आहे. बोरॉनवर एकाकी जोडी नाही, म्हणून तो सपाट त्रिकोण, कोन १२० अंश. बोरॉन आणि फ्लोरिनमधला फरक १.९४, वर आलेल्या सगळ्या बंधांत सर्वांत जास्त, आणि रेणूचे आघूर्ण शून्य. आता अमोनिया आपली जोडी बोरॉनला देतो तेव्हा काय होते पाहा. बोरॉनची चौथी जागा भरते, तिन्ही फ्लोरिन मागे ढकलले जातात, सपाट त्रिकोणाची छत्री होते, आणि तयार झालेल्या जोड-रेणूचे आघूर्ण ५.९ डिबाय भरते. शून्य आणि १.४७ यांच्या भेटीतून ५.९. यात नव्या बंधाचा वाटा मोठा आहेच, पण जे तीन बाण आधी एकमेकांना पुरेपूर खोडत होते ते आकार बदलताच एका बाजूने जोर लावू लागले, हेही त्यात आहे.

लेखातला एक नियम मात्र पुन्हा छापू नये अशी माझी आग्रहाची विनंती आहे: ‘सममित रेणू अध्रुवीय असतात.’ पाण्याचा रेणू सममित नाही का? मधून दुभागला तर दोन्ही अर्धे हुबेहूब सारखे. अमोनिया तर एक तृतीयांश फेरी फिरवला की पुन्हा जसाच्या तसा दिसतो. दोघेही ध्रुवीय. प्रश्न सममिती आहे का असा नसून ती कोणती आहे असा आहे. रेणू एखाद्या अक्षाभोवती फिरवल्यावर पहिल्यासारखाच दिसत असेल, तर त्याचा एकूण बाणही पहिल्यासारखाच दिसला पाहिजे. त्यासाठी बाणाला त्या अक्षावरच पडून राहावे लागते. पाण्याला असा एकच अक्ष आहे, अमोनियाला एकच, डीसीएमला एकच. बाण त्या अक्षावर निवांत राहू शकतो. कार्बन टेट्राक्लोराइडला असे अनेक अक्ष वेगवेगळ्या दिशांना आहेत. एक बाण एकाच वेळी दोन वेगळ्या दिशांच्या अक्षांवर पडू शकत नाही, म्हणून तो शून्यच असावा लागतो. हा युक्तिवाद समजायला कोज्या लागत नाही की विद्युतऋणतेचा तक्ता लागत नाही, आणि तो चुकत नाही. मी शिकलेल्या रसायनातल्या सर्वांत सुंदर गोष्टींपैकी ही एक मला वाटते.

बाणांच्या बेरजेला मर्यादा आहेत हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. प्रत्येक बंधाचा बाण ठरीव लांबीचा धरला तर क्लोरोमिथेन (कार्बनवर एक क्लोरिन) आणि क्लोरोफॉर्म (तीन क्लोरिन) यांचे आघूर्ण सारखे यायला हवे, कारण चतुष्फलकातल्या तीन बाणांची बेरीज चौथ्याच्या बरोबर विरुद्ध आणि तेवढीच असते. डीसीएमचे या दोघांपेक्षा सुमारे १५ टक्के जास्त यायला हवे. मोजमाप वेगळे सांगते: क्लोरोमिथेन १.८९, डीसीएम १.६०, क्लोरोफॉर्म १.०४, कार्बन टेट्राक्लोराइड शून्य. एकाच कार्बनवर दोन-तीन क्लोरिन आले की प्रत्येकाच्या वाट्याला कमी इलेक्ट्रॉन येतात, शेजारचा बंध आपल्या बंधावर परिणाम करतो आणि बाण आखूड होत जातात. आकारावरून ‘शून्य की शून्य नाही’ हे खात्रीने सांगता येते. ‘किती’ हे सांगायला मोजावे लागते.

ओझोन तर त्याहून बोलका आहे. तिन्ही अणू ऑक्सिजनचे, विद्युतऋणतेत फरक शून्य, तक्त्याप्रमाणे एकही बंध ध्रुवीय नाही, आणि तरी आघूर्ण ०.५३ डिबाय. मधला ऑक्सिजन कडेच्या ऑक्सिजनांसारखा नाही. त्याला दोन बंध आहेत, कडेच्यांना एकेकच, आणि इलेक्ट्रॉनांची वाटणी त्यामुळे बिघडते. रेणू ११६.८ अंशांत वाकलेला आहे म्हणून ही बिघडलेली वाटणी बाहेर दिसते. कार्बन मोनॉक्साइडचे उदाहरण याच्या उलट: फरक ०.८९, पण आघूर्ण जेमतेम ०.११, आणि त्यातही ऋण टोक कार्बनकडे. विद्युतऋणतेचा तक्ता चांगला वाटाड्या आहे, पण शेवटचा शब्द त्याचा नाही.

आता माझ्या टेबलावरचे एक उदाहरण, कारण ते मला कोणत्याही तक्त्यापेक्षा पटणारे वाटते. ॲझोबेन्झीन हा नारिंगी रंगाचा पदार्थ आहे. मधे दोन नायट्रोजन दुहेरी बंधाने जोडलेले आणि दोन्हींवर एकेक बेन्झीनचे कडे. नेहमीच्या रूपात दोन कडी दुहेरी बंधाच्या विरुद्ध बाजूंना असतात. या रूपाला ट्रान्स म्हणतात. रेणू सपाट, प्रत्येक बाणाला समोर तेवढाच उलटा बाण, आघूर्ण शून्य. द्रावण उजेडात ठेवले की काही रेणू वळतात आणि दोन्ही कडी एका बाजूला येतात. हे सिस रूप जी. एस. हार्टली यांनी १९३७ मध्ये उजेडात ठेवलेल्या द्रावणातच ओळखले. त्याचे आघूर्ण ३ डिबाय आहे.

हे डोळ्यांनी दिसते. अंधारात ठेवलेल्या द्रावणाचा एक ठिपका आणि उन्हात ठेवलेल्या द्रावणाचा एक ठिपका सिलिकाच्या पातळ थराच्या पट्टीवर शेजारी शेजारी द्यायचा आणि पट्टी द्रावकात उभी करायची. आम्ही याला टीएलसी म्हणतो. द्रावक वर चढतो तसे ठिपके चढतात. अंधारातल्या द्रावणाचा एकच नारिंगी ठिपका वर जातो. उन्हातल्याचे दोन होतात: एक बरोबर त्याच उंचीवर, आणि दुसरा बराच खाली, सिलिकाला धरून राहिलेला. पदार्थाला स्वतःचाच रंग असल्यामुळे पट्टी अतिनील दिव्याखाली धरावी लागत नाही, हातात घेऊन नुसते बघायचे. दोन्ही ठिपक्यांत कार्बन तेवढेच, हायड्रोजन तेवढेच, नायट्रोजन तेवढेच, जोडणीही तीच. एका रूपात नायट्रोजनच्या दोन्ही एकाकी जोड्या एका बाजूला आल्या आहेत आणि सिलिकाने ते ओळखले आहे. पहिल्यांदा ही पट्टी बघणारे विद्यार्थी पट्टीवर बोट ठेवून तेच विचारतात, “हा खालचा कुठून आला?” तिथून शिकवायला सुरुवात करावी. प्रयोग हातमोजे घालून, वाफा ओढून घेणाऱ्या फ्यूम हूडखाली, जाणकाराच्या देखरेखीतच करावा; ॲझोबेन्झीन घरी हाताळायचा पदार्थ नाही.

काही वाचक लगेच विचारतील, डीसीएम एवढे ध्रुवीय तर ते पाण्यात मिसळत का नाही? रास्त प्रश्न आहे. विभाजक नरसाळ्यात पाणी आणि डीसीएम घालून हलवले की दोन थर पडतात, डीसीएम जड असल्याने खाली बसते, पाण्यात थोडेसेच विरघळते. ‘समान समानात विरघळते’ हे वाक्य इथे अपुरे पडते. पाण्याचे रेणू एकमेकांना हायड्रोजन बंधांनी घट्ट धरून असतात. त्यांच्यात शिरायचे तर तसेच बंध करता आले पाहिजेत, आणि डीसीएमला ते नीट जमत नाही. द्विध्रुव आघूर्ण असणे वेगळे, पाण्याच्या जाळ्यात सामील होणे वेगळे.

उत्कलन बिंदूंचेही तसेच. लेखात म्हटले होते की ध्रुवीय पदार्थ जास्त तापमानाला उकळतात. एकाच वजनाच्या रेणूंत हे बऱ्याचदा खरे ठरते. १,२-डायक्लोरोइथीनचे सिस रूप, आघूर्ण १.९०, सुमारे ६० अंश सेल्सिअसला उकळते. ट्रान्स रूप, आघूर्ण शून्य, ४८ च्या आसपास. पण वरची क्लोरिनची मालिका घ्या: क्लोरोमिथेन उणे २४, डीसीएम ४०, क्लोरोफॉर्म ६१, कार्बन टेट्राक्लोराइड ७७. ध्रुवीयता उतरत गेली आणि उत्कलन बिंदू चढत गेला. रेणू मोठा होत जातो, त्याचे इलेक्ट्रॉन वाढतात आणि रेणूंमधले क्षणिक आकर्षण ध्रुवीयतेला मागे टाकते.

लेखाच्या शेवटी घासलेल्या कंगव्याने नळाची धार वाकवण्याचा प्रयोग ‘पाणी ध्रुवीय असल्याचा पुरावा’ म्हणून दिला आहे. प्रयोग गमतीचा आहे, तो मुलांनी जरूर करावा. पण रेणूंच्या द्विध्रुवांवर कंगव्याची जी ओढ असते ती धार एवढी वाकवायला पुरत नाही. कंगवा जवळ आला की धारेतच उलटा भार साठतो आणि ओढ मुख्यतः त्या भारावर असते. पुरावा म्हणून हा प्रयोग वापरू नये.

पुढचा भाग हरितगृह वायूंवर असल्याचे आपण जाहीर केले आहे, म्हणून एक गोष्ट आधीच कळवते. कार्बन डायऑक्साइडचे आघूर्ण शून्य आहे असे या भागात छापून झाले. त्यावर एखादा चाणाक्ष मुलगा विचारेल, मग तो अवरक्त किरण शोषतो कसा? शून्य आहे ते स्थिर, सरळ रेणूचे. रेणू सतत कंप पावत असतो. दोन्ही ऑक्सिजन एकदम बाहेर आणि एकदम आत गेले तर बाण रद्दच राहतात आणि त्या कंपनात अवरक्त शोषण होत नाही. पण रेणू मधे वाकला, किंवा एक बंध लांबला आणि दुसरा आखडला, की क्षणभर बाणांची बरोबरी मोडते. वाकण्याचे कंपन १५ मायक्रोमीटरच्या आसपासचे किरण शोषते, दुसरे ४.३ च्या आसपासचे. पृथ्वी जी उष्णता बाहेर टाकते तिच्यात १५ मायक्रोमीटरच्या आसपासचा भाग मोठा आहे. नायट्रोजन आणि ऑक्सिजनच्या रेणूत दोनच सारखे अणू असतात, ते कसेही लांबले-आखडले तरी बाण तयार होत नाही, म्हणून हवेतला बहुतांश भाग या किरणांना अडवत नाही. हा परिच्छेद पुढच्या भागात यावा आणि कार्बन डायऑक्साइडची आकृती त्यात सरळ, वाकलेली आणि एका बाजूला ताणलेली, अशा तिन्ही अवस्थांत काढावी.

आपली,
प्रयोगशाळेत काम करणारी एक नियमित वाचक